रेशन कार्डावर नाव आहे का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३४ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कंत्राटी कामगार. ओव्हरटाइम धरून महिन्याला १४ हजारांच्या आसपास पडतात. गाव भुदरगड तालुक्यात, पण सहा वर्षं कोल्हापुरात भाड्यानं राहतात. मूतखड्याचं ऑपरेशन सांगितलंय. केसरी कार्ड गावाकडं, वडिलांच्या नावावर. बायकोचं नाव अजून शिरोळ तालुक्यातल्या माहेरच्या कार्डात, आणि चार वर्षांच्या मुलीचं कुठंच नाही. रुग्णालयात मोफत उपचार देणाऱ्या सरकारच्या महात्मा फुले योजनेला उत्पन्नाची मर्यादा किती, आणि आपण बसतो का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, तुम्ही बसता. काही नवीन न काढता, गावाकडच्या त्याच कार्डावर आजच बसता. तुमची मंडळीही बसतात, त्यांच्या माहेरच्या कार्डावर. अडचण आहे ती मुलीची, आणि तिच्याबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय.

नोव्हेंबर २०१३ मध्ये ही योजना आपल्या जिल्ह्यात आली, तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, तरी खेडोपाडची माणसं अजून 'जीवनदायी'च म्हणतात. मी सुरुवातीपासून अकरा वर्षं आरोग्यमित्र म्हणून रुग्णालयांतल्या योजनेच्या काउंटरवर बसले. काउंटरवर येणारा पहिला प्रश्न नेहमी तुमचाच असायचा, 'मॅडम, उत्पन्न किती लागतंय?' त्या काळात तो प्रश्न बरोबरही होता. पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा किंवा एक लाखापर्यंतचं केसरी कार्ड असलं तरच नोंदणी व्हायची. पांढऱ्या कार्डाला शेतकरी असेल तर सवलत होती, पण ती मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांना. कोल्हापूर त्यात नव्हतं. 'आम्ही सधन जिल्ह्यातले' म्हणून पांढरं कार्डवाले कितीतरी जण मी परत पाठवलेत. त्यातले काही सधन होते, बरेचसे नव्हते.

हे बदललं. २८ जुलै २०२३ ला शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. आता पिवळं, केसरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. कार्डच नसेल तर महाराष्ट्राच्या रहिवासाचा दाखला लागतो. विमा कवच कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं होतं, ते पाच लाख झालं. म्हणजे 'उत्पन्न किती' हा प्रश्न या योजनेपुरता निकालात निघाला. त्याच्या जागी दुसरा आला, तो जास्त किचकट आहे: तुमचं नाव नेमकं कुठल्या कागदावर आहे, आणि ते आधारवरच्या नावाशी जुळतं का?

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलते, कारण तुमच्या प्रश्नात ती लपलेली दिसते. केसरी कार्डाची कागदावरची मर्यादा वर्षाला एक लाख. तुमचे एकट्याचेच वर्षाचे १ लाख ६८ हजार होतात. त्यामुळं खरा पगार सांगितला तर कार्ड जाईल आणि ऑपरेशनही जाईल, अशी भीती बऱ्याच कामगारांना असते. काउंटरवर येऊन पगार निम्मा सांगणारे मी खूप पाहिले. पण तो आकडा आम्ही कधी विचारायचोच नाही, कारण आमच्या संगणकावर त्याला रकानाच नव्हता. आणि समजा उद्या कार्ड तपासणीत केसरीचं पांढरं झालं, तरी धान्यावर परिणाम होईल, उपचारावर नाही. धान्याची पात्रता आणि उपचाराची पात्रता आता वेगवेगळ्या वाटेनं जातात.

आता तुमच्या घराकडं येऊ. या योजनेत कुटुंब म्हणजे एका कार्डावरची सगळी नावं. एका चुलीवर जेवता की दोन, याच्याशी संबंध नाही. वडील, आई, भाऊ, भावजय आणि तुम्ही एकाच कार्डावर असाल तर पाच लाख सगळ्यांत मिळून. एकानं वापरले काय किंवा चौघांनी काय. त्याच वर्षी वडिलांची बायपास निघाली, तर तुमच्या मूतखड्यामुळं त्यांचं काही अडणार नाही, कारण तुमच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज त्या मानानं लहान असतं. पण घरात कॅन्सर किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर हिशेब करून चालावं लागतं. कार्ड भुदरगडचं आहे म्हणून गारगोटीला जायची गरज नाही. राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात ते चालतं.

'मग मी आधी वेगळं कार्ड काढतो, म्हणजे आमचे स्वतंत्र पाच लाख होतील,' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. चहाच्या टपरीवर नाही दिला तर सेतू केंद्राबाहेर देतील. सल्ला चुकीचा नाही, पण वेळ चुकीची आहे. वेगळं कार्ड काढायचं म्हणजे आधी वडिलांच्या कार्डातून नाव कमी करायचं, तो दाखला घ्यायचा आणि मग नव्या कार्डाचा अर्ज. नाव कमी होतं लगेच. नवीन कार्ड मात्र ऑनलाइन मंजुरीच्या रांगेत पडतं. मधल्या काळात माणूस कुठल्याच कार्डावर नसतो.

हुपरीचा एक चांदी कारागीर याच फटीत अडकलेला मला आठवतो. भावाभावांत वाटण्या झाल्या, त्यानं हौसेनं कार्ड वेगळं करायला टाकलं आणि तिसऱ्या आठवड्यात छातीत कळ आली. जुन्या कार्डावर नाव नाही, नवीन कार्ड आलेलं नाही. तेव्हा रहिवास दाखल्यावर नोंदणीची सोय नव्हती. घरच्यांनी दागिने मोडले. आज दाखल्यावर वाट निघू शकते, पण अॅडमिट माणसाच्या उशाशी बसून तहसीलला पळापळ करणं मी दुश्मनालाही सांगणार नाही. तेव्हा आधी ऑपरेशन उरका, मग कार्डाचं बघा.

आता आधारचं. रेशन कार्डावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. कार्डावर 'पाटिल', आधारवर 'पाटील'. बायकांचं तर विचारूच नका. लग्नानंतर नाव बदललेलं, आधार सासरच्या नावानं, कार्ड माहेरच्या. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर काउंटरवर निभावतं. अख्खं नाव वेगळं असेल तर प्रकरण वर तपासणीला जातं आणि मंजुरी लांबते. सुभाषनगरच्या एका चप्पल शिवणाऱ्या मावशींचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं होतं. त्यांना विचारलं यातलं खरं कुठलं, तर म्हणाल्या, 'घरात मला आक्काच म्हणत्यात.' तुमचं आणि मंडळींचं आधार कार्ड रेशन कार्डाशेजारी ठेवून एकदा अक्षरनअक्षर वाचा. फरक मोठा असेल तर आधार केंद्रावरून दुरुस्ती करून घ्या.

त्यासोबत रेशनच्या ई-केवायसीचंही, म्हणजे आधारवरून होणाऱ्या ओळख पडताळणीचंही, बघून घ्या. गावापासून लांब राहणाऱ्यांचा अंगठाच झालेला नसतो, आणि मग धान्याच्या यादीत ते नाव अडकून राहतं. त्यासाठी भुदरगडला जायची गरज नाही. तुमच्या जवळच्या रेशन दुकानात अंगठा देता येतो, नाहीतर 'मेरा ई-केवायसी' अॅपवर चेहरा दाखवूनही होतं.

मंडळींचं कार्ड २०१९ च्या महापुरात भिजून गेलं, असं तुम्ही लिहिलंय. शिरोळ तालुक्यात तेव्हा घरंच्या घरं पाण्यात होती, कार्डाचं काय घेऊन बसलात! कागद गेला तरी नोंद जात नाही. कार्डाचा १२ आकडी क्रमांक संगणकात असतो आणि तो आधारवरूनही सापडतो. पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावरून ई-शिधापत्रिका उतरवून घेता येते, तीच छापून आणा. त्यांचं नाव माहेरच्या कार्डावर आहे तोवर त्या माहेरच्या कुटुंबात धरल्या जातात, एवढंच. सासरी नाव आणायचं झालं की माहेरच्या तहसीलमधून नमुना ९ भरून नाव कमी करायचं, तो दाखला आणायचा आणि इकडं नमुना ८ भरून वाढवायचं. हेही तब्येत ठीक असताना करायचं काम. बाळंतपण जवळ आलेलं असताना तर अजिबात काढू नका.

मुलीचं नाव मात्र या आठवड्यातच टाका. तिला काही आजार नाही हे खरं, म्हणूनच आता. तुमच्या वडिलांच्या कार्डात नमुना ८ भरून तिचं नाव चढवायला जन्मदाखला आणि आधार पुरतं. त्यासाठी आधी कुणाचंच नाव कमी करावं लागत नाही, त्यामुळं मघाशी सांगितलेल्या फटीचा धोका नाही. बाळ तान्हं असतं तेव्हा जन्मदाखला आणि आईबापाच्या कार्डावर काम निघतं. चार वर्षांच्या मुलीसाठी त्या भरवशावर राहू नका.

'आयुष्मान कार्ड नाही, मग फुले योजना मिळेल का?' हा गोंधळ इतका पसरलाय की दोन शब्द सांगायलाच हवेत. आयुष्मान भारत ही केंद्राची योजना, २०१८ ची. तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून केलेली. पुढं रेशनच्या यादीतली कुटुंबं तीत आली. नाव यादीत असलं तर कार्ड निघतं, नसलं तर कितीही हेलपाटे घातले तरी निघत नाही. महाराष्ट्रात दोन्ही योजना एकाच काउंटरवर चालतात, त्यामुळं आयुष्मान कार्ड नाही म्हणून कोल्हापुरात तुमचं काही अडत नाही. फरक पडतो तो हद्दीपलीकडं. फुले योजना महाराष्ट्रापुरती, आयुष्मान देशभर. चंदगड-गडहिंग्लजची माणसं बेळगावला उपचाराला जातात, त्यांनी आयुष्मानच्या यादीत नाव आहे का हे आवर्जून बघावं. उलट सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांसाठी महाराष्ट्रानं फुले योजना खुली केली आहे, निपाणीकडच्या पाहुण्यांना हे सांगा. आणि आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणून कुणी दोनशे-तीनशे मागत असेल तर देऊ नका. कार्ड मोफत आहे. आशाताईंकडं, रेशन दुकानात किंवा मोबाईलवर ते निघतं.

तुमच्या मूतखड्याचं. योजनेत माणूस पात्र असून भागत नाही, आजारही यादीत लागतो आणि रुग्णालयही. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचार होते, पुढं यादी वाढवण्याचाही निर्णय झाला. मूतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. नुसतं ओपीडीत दाखवून गोळ्या घेतल्या तर योजना लागत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून रिपोर्ट घेऊन आधी आरोग्यमित्राकडं जा आणि सरळ विचारा, 'माझं ऑपरेशन कुठल्या नावानं बसतंय, आणि इथं बसतंय का?' सीपीआरमध्ये, म्हणजे दसरा चौकाजवळच्या आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, योजनेचा काउंटर आहे. तिथं गर्दी असते, तारीख लांबची मिळू शकते. खासगीतले अंगीकृत दवाखानेही आहेत. पण एखादं रुग्णालय योजनेत असलं तरी प्रत्येक विभागासाठी असतंच असं नाही. हाडांसाठी आहे, मूत्ररोगासाठी नाही, असंही असतं.

नोंदणी झाली की रुग्णालय पूर्वपरवानगी मागतं. ती आली की ऑपरेशन, खाट, औषधं, तपासण्या, जेवण सगळं पॅकेजमध्ये. सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधंही. यात रोखीचा व्यवहार कुठंच नाही, आणि म्हणूनच आधी खिशातून भरून मग परत मागण्याचीही सोय नाही. तुम्ही बाहेर केलेल्या सोनोग्राफीचे पैसे गेले ते गेले. खासगीत आधी ऑपरेशन करून मग कागद घेऊन आलेली माणसं पाहिली की मला अजूनही वाईट वाटतं. तातडीची वेळ असेल तर रुग्णालय फोनवरून परवानगी घेऊ शकतं, कागद मागाहून. पण दाखल होताना 'योजनेतून करायचं आहे' हे तोंडानं सांगायलाच हवं.

एका रुग्णालयात दाखल होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक छापील कागद असायचा, 'मला योजनेचा लाभ घ्यायचा नाही.' घाबरलेला माणूस न वाचता सही करतो. त्या एका सहीनंतर माझ्यासारखीला फारसं काही करता यायचं नाही. तुम्ही गठ्ठा वाचूनच सही करा. अनामत मागितली तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा. हे टोल फ्री आहेत. तक्रार क्रमांक लिहून घ्या. पुष्कळदा फोन लावलेला दिसला की सूर बदलतो.

मूतखड्याबद्दल आणखी एक, हे डॉक्टर घाईत सांगायचं विसरतात. ऑपरेशननंतर बऱ्याचदा आत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती काही आठवड्यांनी काढायला परत यावंच लागतं. ती काढणं पॅकेजमध्ये धरलंय का, हे सुट्टी मिळण्याआधी विचारा आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दुखायचं थांबलं म्हणून न आलेले आणि वर्षानं नळीवरच खडा घेऊन आलेले लोक आहेत.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. ऑपरेशन फुकट होईल, पण कंत्राटी माणसाचा खाडा कोण भरून देणार? तुमची पगार चिठ्ठी काढा आणि ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात आहे का बघा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. १४ हजारांवर तुमचे १०५ रुपये. कपात असेल तर तुम्हाला आणि घरच्यांना तिथले उपचार आहेतच, शिवाय आजारपणाच्या रजेत सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी त्याआधीच्या ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. फुले योजनेत खाड्याचे पैसे मिळत नाहीत. कपात होत नसेल तर ठेकेदाराला विचारा. चिठ्ठीच देत नसेल, तर तेही विचारा.

उत्पन्नाचा दाखला कुठंच लागत नाही असं मात्र समजू नका. आजार योजनेच्या यादीत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी उरतो. तिथं वार्षिक १ लाख ६० हजारांची मर्यादा आहे आणि तहसीलदारांचा दाखला लागतो. तुम्ही आठ हजारांनी बाहेर जाता. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनांसाठी मर्यादा १ लाख ८० हजार, तिथं तुम्ही बसता. पण ही मूतखड्यासाठी लागणारी वाट नाही, माहिती असू द्या एवढंच.

वडिलांचं वय तुम्ही ७१ लिहिलंय. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. घरच्या पाच लाखांशिवाय ज्येष्ठांसाठी वेगळे पाच लाख. म्हणजे वडिलांचा खर्च तिकडून झाला तर घरच्या रकमेवरचा भार हलका. वय फक्त आधारवरचं धरतात, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली, १ जून. साल दोन-चारांनी इकडं-तिकडं झालेलं असतं. गावी जाल तेव्हा मुलीचा जन्मदाखला न्या आणि येताना वडिलांच्या आधारवर साल कुठलं पडलंय ते बघून या.